सुटीतले पुस्तक आणि उद्याचे पुढारी

मे महिना उजाडला की गोव्यातील घरांचे रूप पालटते. अंगणात भिरंडांची सोले वाळत पडतात, मिरच्यांना ऊन दाखविले जाते, पावसाळ्याच्या पुरुमेंताची मोजदाद सुरू होते आणि मुंबई-पुण्याची, बेळगावची नातवंडे आजोळी येऊन धडकतात. अलीकडे शाळांचे वेळापत्रक बदलले; २०२५ पासून वरच्या वर्गांचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. तरीही मे महिना अजून मुलांचाच राहिला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. या महिन्यात मुलांनी आंबे खावेत, फणस फोडावेत, तळीवर पोहायला जावे, उन्हातान्हात हुंदडावे. त्यांच्या या हक्कावर आक्रमण करण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु दुपारच्या जेवणानंतर घरातील वडीलमाणसे आडवी होतात आणि बाहेर पाऊल टाकवत नाही, त्या दोन-तीन तासांचे काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. पूर्वी त्या तासांवर पुस्तकांचा अधिकार होता. आज तो कोणाचा आहे हे सांगावयास नको.

पालकही स्वस्थ बसलेले नाहीत. मुलाला 'पुढे आणण्या'ची त्यांना तळमळ आहे. म्हणून मे महिन्यात निरनिराळ्या शिबिरांचे पेव फुटते आणि त्यांतील निम्म्या शिबिरांच्या पत्रकांवर 'नेतृत्वगुण' हा शब्द ठळक टाइपात असतो. पाच दिवसांत वक्तृत्व, तीन दिवसांत आत्मविश्वास, दोन दिवसांत नेतृत्व असा हा हिशेब. पुस्तकांच्या दुकानांतही हीच तऱ्हा. यशाच्या पायऱ्या आणि विजयाची सूत्रे सांगणारी, बहुधा भाषांतरित, पुस्तके दर्शनी भागात मांडलेली असतात आणि चरित्रे, आत्मचरित्रे मागच्या कपाटात धूळ खातात. अशी सूत्रे वाचून कोणाचे नुकसान होते असे आमचे म्हणणे नाही. पण औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचल्याने जसा ताप उतरत नाही, तसे सूत्र पाठ केल्याने चारचौघांची जबाबदारी खांद्यावर घेण्याचे बळ येत नाही. माणूस कसा अडला, कोठे चुकला, कोणापुढे त्याने हात पसरला, कशाची किंमत त्याने मोजली आणि कोणाला ती मोजावयास लावली, हे सारे ज्यात आले आहे असे एक आयुष्य समग्र वाचावे लागते.

याचे उदाहरण शोधण्यासाठी गोव्याबाहेर जाण्याचे कारण नाही. सांखवाळ गावात १८७६ साली एक मुलगा जन्मला. शिक्षण बेताचे, प्रकृती तोळामासा, घरची नारळाची बागायत सांभाळणे हाच व्यवसाय ठरलेला. रीतीप्रमाणे लग्नही लवकर झाले. हायस्कूल नाही, कॉलेज नाही, इंग्रजी नाही. मराठी पुस्तके तेवढी मिळतील तेथून आणून वाचावयाची. तुकोबांच्या अभंगांनी त्याला वेड लावले होते. अशा या तरुणाच्या हाती १८९७ साली 'बालबोधमेवा' या मासिकातील भगवान बुद्धाचे एक छोटे चरित्र पडले. मासिक मुलांसाठी काढलेले. तेही ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालविलेले. पण त्या थोड्या पानांनी या एकवीस वर्षांच्या माणसाला असे काही पछाडले की, बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचाच, मग त्यासाठी काय वाटेल ते सोसावे लागो, असा ध्यास त्याने घेतला. तोच पुढे आचार्य धर्मानंद कोसंबी म्हणून विख्यात झाला.

हा ध्यास घेतल्यावर चमत्कार घडला नाही, हे आमच्या तरुण वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. दोन वर्षे तशीच गेली. घरची पाश तुटत नव्हते, पैसा नव्हता, धीरही होत नव्हता. १८९९ च्या अखेरीस त्याने गोवा सोडला. पुण्यास डॉ. रामकृष्णपंत भांडारकरांसारख्या विद्वानाच्या दारी हा अपरिचित, पदवीहीन तरुण जाऊन उभा राहिला. तेथून ग्वाल्हेर, तेथून काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. नेपाळात जाऊन पाहतो तो तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराशा पदरी आली. तरी मागे न फिरता १९०२ साली तो सिंहलद्वीपाला पोहोचला आणि तेथे सुमंगल महास्थविरांच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकू लागला. पुढे ब्रह्मदेश झाला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी त्याला १९१० साली बोलावून घेतले, तेव्हा सांखवाळच्या बागेतला तो बागायतदार चौतीस वर्षांचा होता.

धर्मानंदांच्या चरित्रातील आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग मात्र हार्वर्डचा नव्हे. तो त्याआधीचा आहे. कलकत्त्यास त्यांना पाली शिकविण्याचे चांगल्या वेतनाचे काम मिळाले होते. मान होता, स्थैर्य होते. पण ज्या मराठी भाषेतून आपल्याला बुद्धाची पहिली ओळख झाली, त्या भाषेच्या लोकांत जाऊन हे ज्ञान रुजवावे ही ओढ त्यांना तेथे स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांना सांगितले की, महाराष्ट्रात कोठेही राहा, दरमहा पन्नास रुपये देतो, ग्रंथ लिहा. धर्मानंदांनी कलकत्त्याच्या पगारावर पाणी सोडले आणि ते पन्नास रुपये पत्करले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी सहा वर्षे पाली शिकविले आणि या विषयाचे विद्यार्थी तयार केले. उतारवयात १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास भोगला. मुंबईत कामगारवस्तीत बहुजन विहार उभारला. ज्याने आयुष्यात निवडणूक लढविली नाही की मिरवणुकीच्या अग्रभागी मिरविले नाही, अशा माणसाला पुढारी म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. आमच्या मते पुढारीपणाचा अर्थ दुसरा काही नसावा. जी वाट कोणी चालत नव्हते ती त्यांनी चालून दाखविली आणि परत येऊन ती इतरांसाठी मोकळी केली.

अर्थात चरित्र वाचावयाचे ते आरती म्हणण्यासाठी नव्हे. धर्मानंद घराबाहेर पडले तेव्हा त्यांची मोठी मुलगी तान्ही होती. पत्नी बाळाबाई यांनी त्या पोरीला घेऊन सासर-माहेरच्या आधाराने, लोकांची बोलणी ऐकत जी वर्षे काढली, त्यांचाही त्या ज्ञानयात्रेत वाटा आहे. आणि तो स्वखुशीने दिलेला नव्हता. सार्वजनिक कार्यातील कितीतरी मोठ्या माणसांच्या मागे असे एक घर उभे असते आणि चरित्रकार त्या घराला एक परिच्छेद देऊन पुढे सरकतो. तेरा-चौदा वर्षांच्या एखाद्या चुणचुणीत मुलीने 'निवेदन' वाचून आईला विचारले की, यांनी असे करावयास हवे होते का, तर आईने तिला गप्प बसवू नये. त्या प्रश्नातच तिचे वाचन सार्थकी लागले असे समजावे. धर्मानंदांचे हे आत्मकथन पुस्तकरूपाने १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी ते गोव्यातील 'भारत' पत्रातून क्रमशः येत होते. म्हणजे आपल्याच पणजोबांनी ते वर्तमानपत्रात वाचले असण्याचा संभव आहे! आपण आपल्या नातवंडांना ते दिले आहे काय?

बुद्धाच्या मराठी चरित्राची गोष्ट येथेच संपत नाही. मुंबईच्या चर्नी रोड बागेत संध्याकाळी एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन बसत असे. त्याच बागेत वाचावयास येणाऱ्या एका शिक्षकाचे त्याच्याकडे लक्ष गेले. ते शिक्षक म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर. मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून त्याच्या समाजाने सत्कार केला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्या पुस्तकाचा आपल्या मनावर कसा परिणाम झाला हे बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात स्वतःच लिहून ठेवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले, त्याचे सारे श्रेय एका पुस्तकाला देणे भाबडेपणाचे ठरेल. त्यामागे त्यांचा दांडगा व्यासंग आणि समाजाने केलेले घोर अन्याय होते. पण बागेत बसलेल्या परक्या मुलाची विचारपूस करणारे, त्याला पुस्तके पुरविणारे आणि पुढे त्याला सयाजीराव महाराजांकडे नेऊन शिष्यवृत्ती मिळवून देणारे केळुसकर गुरुजी नसते तर काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पुस्तकापाठोपाठ माणूस उभा असावा लागतो. आमच्या गावोगावच्या निवृत्त शिक्षकांनी हे चरित्रही वाचावे, असे आम्ही आदरपूर्वक सुचवितो.

प्रवासातील वाचनाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गांधीजींचे. १९०४ साली ते जोहान्सबर्गहून दरबानला निघाले होते. हेन्री पोलॉक हे मित्र स्टेशनवर निरोप द्यावयास आले आणि वाटेत वाचण्यासाठी त्यांनी रस्किनचे 'अन्टू धिस लास्ट' हे छोटे पुस्तक हाती ठेवले. गाडीचा प्रवास चोवीस तासांचा. पुस्तक एकदा उघडले ते खाली ठेववेना, आणि त्या रात्री गांधीजींना झोप लागली नाही. येथपर्यंतची कथा शाळेच्या भाषणात सर्वांना ठाऊक असते. त्यापुढची बहुतेकांना नसते. दरबानला उतरल्यावर गांधीजींनी त्या पुस्तकावर व्याख्यान दिले नाही. त्यांनी 'इंडियन ओपिनियन' या पत्राचा छापखाना शेतावर हलवावा, सर्वांनी तेथे स्वतः श्रम करावेत आणि वर्ण किंवा राष्ट्र न पाहता प्रत्येकाने महिन्याला तीन पौंड एवढेच वेतन घ्यावे, असा प्रस्ताव सहकाऱ्यांपुढे ठेवला. जागेसाठी जाहिरात दिली. एक हजार पौंडांत शंभर एकर जमीन घेतली आणि फिनिक्स आश्रम उभा राहिला. आपण फार पुस्तके वाचली नाहीत, पण जी वाचली ती पचविली, अशा आशयाचे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. वाचलेल्या पुस्तकांची छायाचित्रे रोज मित्रमंडळींना पाठविणाऱ्या आजच्या पिढीला (आणि तिच्या पालकांनाही) त्यातून थोडे घेता येईल.

येथे एक आक्षेप आम्हांला अपेक्षित आहे. 'संपादक महाशय, आमच्या भाऊसाहेब बांदोडकरांनी कोठे एवढी पुस्तके वाचली होती?' असे कोणी तरी विचारीलच. आक्षेप बिनतोड वाटतो. औपचारिक शिक्षण बेताचे असूनही ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत लोकांच्या मनावर राज्य करून राहिले. माणसे वाचण्याची त्यांची हातोटी कोणत्याही ग्रंथपंडिताला हेवा वाटावा अशी होती. पण त्यांनीच सत्ता हाती येताच खेड्यापाड्यांत, जेथे वाटही धड नव्हती तेथे, प्राथमिक शाळा उघडल्या. आपल्याला जे पुरेसे मिळाले नाही ते गावातल्या शेवटच्या पोराला मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. बडोद्याच्या सयाजीरावांचेही असेच. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा, अक्षरओळखही नसलेला हा मुलगा १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक जाऊन गादीवर बसला, आणि पुढे त्याच्याच राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. विद्येची किंमत बहुधा त्यालाच अधिक कळते, ज्याला ती उशिरा भेटली.

सयाजीरावांचा विषय निघालाच आहे तर ग्रंथालयांबद्दल बोलणे भाग आहे, कारण आमच्या मनातले खरे शल्य तेच आहे. १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणून सबंध राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणले. खेड्यात वाचनालय काढावयाचे तर पद्धत साधी होती. काही रक्कम गावकऱ्यांनी जमवावी, तेवढीच स्थानिक मंडळाने द्यावी आणि तेवढीच सरकारने घालावी. जेथे वाचनालय नाही तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून विनामूल्य धाडली जात. त्या पेटीची वाट पाहणारी पोरे शंभर वर्षांपूर्वी बडोदा संस्थानाच्या खेड्यांत होती.

गोव्याला या बाबतीत कोणापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे. देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. आज त्याला कृष्णदास शामाचे नाव आहे. १५२६ साली मराठीत कृष्णचरित्र रचणाऱ्या केळशीच्या त्या कवीची आठवण पाटो येथील भव्य इमारतीवर कोरली गेली, हे योग्यच झाले. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना थोडा मोकळा श्वास घेता आला, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी पहिल्याप्रथम काय केले? मराठी शाळा काढल्या आणि वाचनालये काढली. मडगावची गोमंत विद्या निकेतन ही १९११ सालची संस्था त्याच उमाळ्यातून जन्मली. पुढे सालाझारच्या राजवटीत छापील अक्षरावर कडक पहारा बसला तरी देवळाच्या अग्रशाळेत, कोणाच्या तरी सोप्यावर, लोक चार पुस्तके जमवीत राहिले. मुक्तीनंतर १९९३ साली गोव्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही केला.

आणि तरीही गेल्या मे महिन्यात फोंडा तालुक्यातील एका गावी आम्ही जे पाहिले ते विसरता येत नाही. देवळाशेजारी वाचनालयाची टुमदार खोली. काचेच्या कपाटात बांधणी केलेली जुनी पुस्तके व्यवस्थित लावलेली. त्यांत टिळकांचे चरित्र दिसले, आगरकरांचे दिसले, मुलांच्या गोष्टींचा एक अख्खा कप्पा दिसला. हे सारे आम्ही खिडकीच्या गजांतून पाहिले, कारण दाराला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ लग्नासाठी मुंबईस गेले होते आणि दुसरी किल्ली कोणाकडेच नव्हती. ओसरीवर सहा-सात मुले गार फरशीवर बसून मोबाईलवर ल्युडो खेळत होती. त्यांतील एकाला विचारले, 'आत कधी गेला होतास?' तो म्हणाला, 'गणपतीच्या वेळी खुर्च्या काढायला.' आम्ही त्या मुलांना दोष देण्यास तयार नाही. त्या गृहस्थांनाही नाही. बिचारे वर्षानुवर्षे विनावेतन ते काम पाहतात असे समजले. पण जी पंचायत पथदीपांसाठी दरवर्षी ठराव करते आणि जी देवस्थान समिती जत्रेच्या रोषणाईसाठी हजारो रुपये उभे करते, त्या दोघींना मे महिन्यापुरता एखादा कॉलेजविद्यार्थी थोड्या मानधनावर तेथे रोज दोन तास बसविणे अशक्य आहे काय?

आमची सूचना बडोद्याच्या पद्धतीचीच आहे. काही भार गावाने उचलावा, काही देवस्थानाने, काही पंचायतीने. दुपारी तीन ते पाच या वेळात वाचनालय उघडे राहावे. अनामत रकमेची अट मुलांपुरती मागे घ्यावी. पुस्तक फाटले किंवा हरवले तर हरवू द्यावे, कपाटात वाळवीने खाण्यापेक्षा ते बरे. आणि कृपा करून 'वाचनस्पर्धा' ठेवू नये. किती पाने वाचली याची प्रमाणपत्रे वाटली की मुले पाने मोजतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गावातील कोणी जाणत्याने मुलांबरोबर ओसरीवर बसावे आणि त्यांनी वाचलेल्या माणसाबद्दल गप्पा माराव्यात. तो माणूस भित्रा होता का, त्याला मित्र होते का, त्याचे कोणाशी भांडण झाले, तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते, असे विचारावे. मुले जी उत्तरे देतील ती ऐकून घेण्याचे धैर्य मात्र त्या जाणत्याजवळ हवे.

पंचायतीच्या निवडणुका येतात, जातात. दर खेपेला आपण तक्रार करतो की, चांगली माणसे पुढे येत नाहीत, निवडून आलेला पंच गावाला विचारीत नाही, जमिनींचे व्यवहार अंधारात होतात, ग्रामसभेत आवाज चढतात पण कागद कोणी वाचून येत नाही. तक्रार खरी आहे. ग्रामसभेपुढे आलेला अर्थसंकल्प दोनदा वाचून, त्यातील खटकणारी ओळ बोट ठेवून दाखविणारा एक जरी तरुण उभा राहिला तरी सभेची हवा बदलते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. असा तरुण कोठून येतो? तो पाच दिवसांच्या शिबिरातून आलेला आम्हांला तरी कधी भेटला नाही.

मृगाला अद्याप अवकाश आहे. पुढच्या ग्रामसभेत खर्चाच्या बाबी वाचून दाखविल्या जातील, तेव्हा वाचनालयाच्या दुसऱ्या किल्लीची बाब त्यांत आहे का, एवढे आमच्या वाचकांनी उठून विचारावे. आणि घरी परतताना वाटेत ते दार उघडे दिसले तर आत जाऊन नातवाच्या नावावर एक पुस्तक घ्यावे.